न विचारायचे सहा प्रश्न

कलकत्त्याच्या मराठी मंडळात रविवारी सकाळी ग्रंथालय उघडायचं आणि त्याच सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला मुलाखतींची तालीम चालायची. तालीम घेणारे गृहस्थ केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी निवड समित्यांवर बसून काढली होती. सगळं मंडळ त्यांना काका म्हणायचं. चारचौघांत त्यांची पत्नीही त्यांचा उल्लेख 'काका' असाच करायची. सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं. शहरात नोकऱ्या कमी होत्या, वीज त्याहून कमी होती आणि पदवीधर मुबलक होते. त्यामुळे काकांच्या वर्गात खुर्ची मिळायची नाही.

काकांचा सिद्धांत असा, की उमेदवार उत्तरांमुळे पडत नाही, प्रश्नामुळे पडतो.

"उत्तर चुकलं तर साहेब म्हणतात, पोरगा नवा आहे, शिकेल," ते सांगायचे. "पण शेवटी साहेब पेन खाली ठेवतात, जरा हसतात आणि म्हणतात, तुम्हाला काही विचारायचंय का? झालं. तिथे गाढवं तोंड उघडतात."

"मग काय म्हणायचं?" एखादा नवखा विचारायचा.

"नाही सर, धन्यवाद. तीन शब्द. चौथा उच्चारलात की नोकरी गेली."

आयुष्यभराच्या अनुभवातून काकांनी सहा प्रश्न वर्ज्य ठरवले होते आणि सरकारी माणूस असल्यामुळे त्यांना नंबर दिले होते. ऑफिस किती वाजता सुटतं, हा एक नंबर. रजा किती, हा दोन. कलकत्त्यात दोन नंबर विशेष घातक, असं त्यांचं मत होतं. पूजेच्या सुट्ट्यांबद्दल विचारावं, तर त्या सुट्ट्या आधीच आपसांत वाटून घेतलेली माणसं टेबलापलीकडे बसलेली असतात. चार नंबर, काम कुठे करावं लागेल. त्यासाठी उदाहरण होतं. मंडळातल्याच एका मुलाने तेलाच्या कंपनीत विचारलं होतं, बजबजच्या डेपोत तर पाठवणार नाही ना? निवड समितीच्या अध्यक्षांची उमेदीची वर्षं बजबजमध्ये गेली होती आणि बायकोही त्यांना तिथलीच मिळाली होती. "त्या मुलाला बजबजला पाठवलं नाही," काका म्हणायचे. "कुठेच पाठवलं नाही."

पाच नंबर, माझ्याआधीचा माणूस का गेला. सहा नंबर, आपल्या ऑफिसात नेमकं काय काम चालतं. या दोन्हींना उदाहरण लागत नाही, असं ते म्हणायचे.

पण काका खरा आवाज चढवायचे तो तीन नंबरला. पगार किती?

"बंगाल्याने विचारलं तर तो गरजू. मद्राशाने विचारलं तर हिशेबी. आपण विचारलं तर बर्गी! इथल्या आया अजून पोरांना बर्ग्यांचं, म्हणजे आपल्या घोडेस्वारांचं, भय दाखवून झोपवतात. दोनशे वर्षांपूर्वी चौथाई मागायला आलो होतो, ते अजून विसरलेले नाहीत. मराठी माणसाने या शहरात पैशाचं नाव पहिल्यांदा काढायचं नाही. त्यांना काढू द्यायचं."

तालमीच्या निवड समितीवर काका मधे बसायचे. उजवीकडे एखादा बँकेतला अधिकारी असायचा. डावीकडे ग्रंथालय सांभाळणाऱ्या मावशी पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारता मारता खडूस सभासदाचं काम करायच्या; ते त्यांना जमवावं लागायचं नाही. उमेदवाराच्या तोंडून वर्ज्य प्रश्न निसटला, की पुस्तकं बदलायला आलेले वाचकसुद्धा कपाटांमागून ओरडायचे, "चार नंबर!" काही वाचक पुस्तक न बदलताच बसून राहायचे.

मी त्या वर्गात दाखल झाले, त्याचं कारण बाबांची बदली. ते टपाल खात्यात होते. दरवेळी अर्जविनंत्या करून त्यांनी कलकत्त्यातला मुक्काम लांबवला होता, तो अखेर संपला आणि नागपूरचा हुकूम आला. माझं सगळं शिक्षण कलकत्त्यात झालं होतं. घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि बाकी सर्वत्र बंगाली, अशी माझी विभागणी होती. नागपुरात माझी आत्या होती आणि आत्याकडे तीन स्थळं तयार होती. तिन्ही मुलगे इंजिनिअर होते. आत्याच्या पत्रांतून ते एकमेकांपासून वेगळे करता येत नव्हते.

बाबांनी प्रश्न एका वाक्यात मिटवला. सामान निघायच्या आत नोकरी लागली, तर मी वसतिगृहात राहायचं. नाही लागली, तर सामानाबरोबर निघायचं. मी राहावं असं त्यांना वाटत होतं की यावं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भवानीपुरातल्या आमच्या घरी रिकामी खोकी आणायला सुरुवात केली.

आई एका रविवारी वर्गाला येऊन बसली. सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी येताना ट्राममध्ये म्हणाली, "बरं शिकवतात गं. हे दोन्हीकडे चालेल."

"दोन्हीकडे म्हणजे?"

"नागपूरला बघायला येतील, ते पण शेवटी हेच विचारतात. तुला काही विचारायचंय का? तिथेही नाहीच म्हणायचं. फक्त सर म्हणू नकोस."

वर्गाचा सर्वांत जास्त फायदा बाबांना झाला. आईने सकाळी विचारलं, "आज किती वाजता सुटाल?" की ते वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "एक नंबर." बदलीचा भत्ता किती मिळणार, असं तिने विचारलं की, "तीन नंबर." पण आईच्या बाबतीत हा उपाय टिकला नाही. ती चिडायची नाही, आवाज चढवायची नाही. तोच प्रश्न एक शब्द बदलून पुन्हा विचारायची. भत्ता किती? बरं, मागच्या वेळी होता तेवढा की जास्त? जास्त म्हणजे किती जास्त? तिसऱ्या खेपेला बाबा वर्तमानपत्राची घडी घालून उत्तर द्यायचे.

मुलाखतीचं बोलावणं आलं ते एका इंग्रजी दैनिकातून. शिकाऊ उपसंपादकाची जागा होती. तोवर खोक्यांमध्ये पुस्तकं आणि पितळी भांडी गेली होती. काकांनी माझी दोनदा खास तालीम घेतली. दुसऱ्या खेपेला मी एकदाही चुकले नाही आणि कपाटांमागचे वाचक निराश होऊन पुस्तकं बदलायला लागले.

दैनिकाचं ऑफिस धर्मतल्ल्याजवळच्या एका जुन्या इमारतीत होतं. मला आत बोलावलं आणि त्याच क्षणी वीज गेली. पंखा थांबला. टेबलापलीकडे तिघं होते. मधे संपादक, कोट घातलेले, सडपातळ, कंटाळलेले. एका बाजूला व्यवस्थापक. टाय लावलेला आणि हातात ताडपत्राचा पंखा. दुसऱ्या बाजूला धोतर नेसलेले, वयस्क वृत्तसंपादक. संपादक आणि व्यवस्थापक इंग्रजीत बोलत होते. वृत्तसंपादकांनी माझं आडनाव मोठ्याने वाचलं आणि थेट बंगालीत आले.

"मराठी?"

"हो."

"मी बागबाजारचा. तुमच्या लोकांना अडवायला आमच्या पूर्वजांनी आमच्या तिथून खंदक खणायला घेतला होता. पुरा झालाच नाही. बघा, त्याचा परिणाम. तुम्ही आत आलात."

"ट्रामने आले," मी म्हणाले.

व्यवस्थापकांनी पंखा हलवायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, इथेच संपलं. पण प्रश्न पुढे चालू राहिले. एक लांबलचक बातमी दिली आणि तिचं चार ओळींत सार करायला सांगितलं. ते झालं. मथळा मागितला. तोही झाला, पण एका शब्दाने लांब होता आणि तो शब्द वृत्तसंपादकांनी बोटाने झाकून दाखवला. मग संपादकांनी पेन खाली ठेवलं, जरा हसले आणि म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

काकांनी केलेलं वर्णन इतकं तंतोतंत जुळलं की क्षणभर ते आपल्या मागे उभे आहेत, असं वाटलं.

"नाही सर, धन्यवाद," मी म्हणाले.

वृत्तसंपादकांनी सुस्कारा सोडला. "सातवी," ते संपादकांना म्हणाले. "सकाळपासून सात जण. सातही जण, नो सर, थँक यू. वर्तमानपत्रात नोकरी मागायला येतात आणि कुणालाच काही विचारायचं नसतं. उद्या यांना पोलीस ठाण्यात पाठवलं तरी हेच सांगून परत येतील."

संपादक मात्र माझ्याकडे बघत होते. "विचारायचं नाही, की विचारू नको असं कुणी सांगितलंय?"

या प्रश्नाची तालीम झालेली नव्हती.

"सांगितलंय," मी म्हणाले.

"काय काय विचारू नको म्हणून?"

"सहा प्रश्न आहेत."

"सहा!" वृत्तसंपादक खुर्चीत पुढे सरकले. "नंबर घातलेत? सांग मा, सांग. वीज यायला वेळ आहे."

बंगालमध्ये म्हातारी माणसं मुलीच्या वयाच्या बाईला मा म्हणतात. तोपर्यंत तिथे माझ्याशी कुणी एकेरीत बोललं नव्हतं. ते चांगलं लक्षण की वाईट, हे काकांनी सांगितलेलं नव्हतं. आता उमेदवार म्हणून माझ्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही, असा हिशेब मी केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"एक नंबर. ऑफिस किती वाजता सुटतं?"

"सुटत नाही," वृत्तसंपादक म्हणाले. "पुढे."

"दोन. रजा किती?"

"पूजेत पेपर बंद असतो, तेव्हा. एरवी मेलात तर. त्यालाही अर्ज लागतो. यांच्याकडे द्यायचा." त्यांनी व्यवस्थापकांकडे बोट केलं.

"तीन. पगार किती?"

वृत्तसंपादकांनी टेबलावर थाप मारली. "आली! बर्गी आली! चौथाई मागतेय! मी म्हणत होतो ना, खंदक पुरा करायला हवा होता!"

काका अगदी बरोबर होते. इतकं बरोबर असलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. व्यवस्थापकांनी टाय सारखा केला आणि गंभीरपणे म्हणाले, "वेतनाविषयी निवड झालेल्या उमेदवाराला योग्य वेळी कळवण्यात येईल."

"योग्य वेळी किती कळवण्यात येईल?" मी विचारलं.

हे मी ठरवून केलं नव्हतं. घरात रोज सकाळी कानावर पडणारी चाल तोंडातून गेली, इतकंच.

"नियमाप्रमाणे."

"नियमाप्रमाणे किती?"

"ते अनुभवावर अवलंबून असतं."

"मला अनुभव नाही. अनुभव नसलेल्याला किती?"

व्यवस्थापकांनी पंख्याची घडी घालायचा प्रयत्न केला. ताडपत्राच्या पंख्याची घडी होत नाही. मग त्यांनी आकडा सांगितला.

संपादकांनी भुवया उचलल्या. "बऱ्याच दिवसांपासून हा आकडा मी यांना विचारतोय," ते वृत्तसंपादकांना म्हणाले. "आज कळला." आणि पेन पुन्हा हातात घेतलं.

चार नंबरवर, म्हणजे कुठे पाठवाल यावर, वृत्तसंपादक म्हणाले, "जिथे जायला बाकीचे नाही म्हणतात, तिथे." मी बजबजचं नाव काढलं, तर म्हणाले, "बजबजला सगळे जातात. मासे चांगले मिळतात."

पाच नंबरने मात्र बैठकीचा रंग बदलला. आधीचा माणूस का गेला?

"राजीनामा दिला," व्यवस्थापक म्हणाले.

"आम्ही काढला," संपादक त्याच वेळी म्हणाले.

"पळाला," वृत्तसंपादक म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे जे झालं त्याला बंगालीत अड्डा म्हणतात. काम बाजूला ठेवून, कुठलीही घाई न करता, सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं. राजीनामा आला असेल तर तो कुठे आहे, असं संपादकांनी विचारलं. काढला असेल तर ते पत्र कुणी लिहिलं, असं व्यवस्थापकांनी विचारलं. मी टेबलाच्या अलीकडे बसून होते आणि मधूनमधून विचारत होते, मग त्यानंतर? तो शेवटचा कधी दिसला? कुणाला? हळूहळू निष्पन्न झालं ते असं, की सदर गृहस्थ एका दुपारी जेवून येतो म्हणून बाहेर पडले. ते अजून जेवत होते.

"त्याची छत्री अजून खुंटीवर आहे," वृत्तसंपादक म्हणाले. "म्हणून मी कुणाला तिथे बसू देत नव्हतो. छत्री ठेवून कुणी जात नाही."

"मग जागा रिकामी आहे की नाही?" मी विचारलं.

व्यवस्थापक पुन्हा पंखा हलवायला लागले. माझ्याकडे सहा नंबर शिल्लक होता. आपल्या ऑफिसात नेमकं काय काम चालतं?

"रोज रात्री मला हाच प्रश्न पडतो," संपादक म्हणाले.

तेवढ्यात वीज आली. पंखा फिरला, टेबलावरचे अर्ज उडाले आणि तिघेही ते पकडायला उठले. संपादक एका हाताने अर्ज दाबून म्हणाले, "ठीक आहे. कळवू."

काकांच्या कोशात 'कळवू'चा अर्थ 'नाही' असा होता.

पुढच्या रविवारी मंडळात मला अहवाल द्यावा लागला. तशी पद्धतच होती. काकांनी आधीचं सगळं सोडून थेट मुद्द्याला हात घातला. "शेवटी विचारलं त्यांनी? तुम्हाला काही विचारायचंय का?"

"विचारलं."

"मग?"

"आधी नाही म्हटलं. मग विचारलं."

मावशींचा शिक्का हवेत थांबला.

"कितवा?" काकांनी विचारलं.

"सगळे."

"सहाही?"

"सहाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "क्रमाने?"

"क्रमाने."

"चला," ते म्हणाले, "शिस्त तरी पाळलीस." मग वळून मागे बसलेल्या बाबांना म्हणाले, "नागपूरची तिकिटं तीनच काढा."

बाबांनी तीन काढली. आईने माझ्या साड्या खोक्याच्या तळाशी ठेवल्या. मुलाखतीचा सगळा वृत्तान्त तिने मला स्वयंपाकघरात दोनदा सांगायला लावला. व्यवस्थापकांचा भाग आल्यावर तिने मला दोन्ही वेळा थांबवलं.

"नियमाप्रमाणे किती, असं म्हणालीस?"

"हो."

"आणि मग अनुभवाचं?"

"हो."

"बरोबर," आई म्हणाली. "तिथवर आलं की सांगतातच." आणि पोळ्या लाटायला लागली. थोड्या वेळाने तिने उठून माझ्या साड्या तळातून काढल्या आणि वर ठेवल्या. कारण विचारलं, तर म्हणाली, चुरगळतात.

आमच्याकडे फोन नव्हता. खालच्या मजल्यावरच्या बंगाली कुटुंबाकडे होता. घर जवळजवळ रिकामं झालं असताना एका संध्याकाळी खालच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली. त्यांचा आवाज गोंधळलेला होता.

"अगं, कुणीतरी म्हातारा आहे. बर्गी आहे का, असं विचारतोय!"

फोनवर वृत्तसंपादक होते. "छत्री आतल्या कपाटात ठेवली," ते म्हणाले. "सोमवारी ये."

"किती वाजता?"

"एक नंबर!" ते ओरडले. त्यांनी सहाही पाठ केले होते. "येण्याची वेळ दुपारी तीन. जाण्याची विचारू नकोस."

मी वर गेले आणि सांगितलं. बाबा खोक्याला सुतळी बांधत होते. त्यांनी गाठ पुरी केली, तिसरं तिकीट परत करायला स्टेशनवर जावं लागेल असं म्हणाले, आणि लगेच निघाले. तिकीट खिडकी दुसऱ्या दिवशीही उघडी असते, हे आईने त्यांना जिन्यातून सांगितलं. पण तोवर ते रस्त्यावर पोचले होते.

काकांनी आपला सिद्धांत बदलला नाही. त्यांनी वर्गाला सांगितलं, की वर्तमानपत्र हे ऑफिस नव्हे, त्यामुळे तिथला निकाल दाखला म्हणून धरता येत नाही. एका मुलाने आकाशवाणीबद्दल विचारलं. काकांनी विचार करून सांगितलं, की आकाशवाणी सरकारी आहे. तिथे सहाही लागू.

निघायच्या दिवशी काका हावड्याला आले होते. मावशींनी प्रवासात वाचायला दोन मासिकं पाठवली होती. ती परत कशी करायची, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. नागपूरवरून जाणारी मेल फलाटाला लागली. सामान चढलं. आई खिडकीशी बसली आणि गजांतून बोलायला लागली.

"रात्री किती वाजता सुटशील गं? वसतिगृहाचं दार बंद नाही ना होत? दिवाळीला रजा मिळेल? त्या पगारात भागेल का? आणि कुठे लांब तर नाही ना पाठवणार?"

बाबा तिच्यामागे उभे होते. "एक," ते म्हणाले. "दोन. तीन. चार."

"त्या आधीच्या माणसाचं काही कळलं का?"

"पाच."

हिरवा कंदील दिसला. बाबा आईच्या खांद्यावरून पुढे वाकले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, असं वाटलं. पण ते म्हणाले, "तुला काही विचारायचंय?"

होतं. त्या सहांमध्ये ते नव्हतं. त्यांनी खोकी आणायला सुरुवात केली, त्या दिवसापासून, त्यांना स्वतःला काय हवंय, हे विचारायचं राहिलं होतं. गाडीने हिसका दिला, डबे हलले आणि आईने गजांतून हात बाहेर काढला.

"नाही," मी म्हणाले.

शेजारी उभ्या असलेल्या काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास," ते म्हणाले.